डायव्हिंगचा पहिला टॉर्च: एलईडी, हॅलोजन, एचआयडी आणि खोक्यावरचे आकडे

वर लख्ख ऊन असतानाही १५ मीटर खोलीवर लाल मासा मळकट करडा दिसतो. पाणी लाल रंग पहिल्या पाचेक मीटरमध्येच शोषून घेतं. मागोमाग नारिंगी जातो, मग पिवळा, आणि उरतो तो निळा-हिरवा. टॉर्चचा झोत जवळून टाकला की तोच मासा पुन्हा लाल होतो. म्हणून टॉर्च फक्त रात्रीच्या डाइव्हला लागतो असं नाही. दिवसा कपारीत डोकावायला, प्रवाळाचे खरे रंग बघायला आणि गढूळ पाण्यात बडीला (सोबतच्या डायव्हरला) आपण कुठे आहोत हे दाखवायलाही तो लागतो.

मालवण-तारकर्लीला इन्स्ट्रक्टरच्या सोबतीने दिवसा पहिल्यांदाच पाण्याखाली जाणार असाल, तर टॉर्चवर खर्च करू नका. त्या खोलीवर पुरेसा उजेड असतो आणि तुमचं सगळं लक्ष श्वासावर असायला हवं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांचा ओपन वॉटर कोर्स (डायव्हिंगचा पहिला कोर्स) झालाय आणि आता कर्नाटकातलं नेत्राणी, गोव्याचं ग्रँड आयलंड किंवा अंदमानच्या डाइव्हसाठी, किंवा पहिल्या नाइट डाइव्हसाठी, स्वतःचा दिवा घ्यायचा आहे.

आधीच सांगून टाकलेलं बरं: नव्या डायव्हरने एलईडीच घ्यावा. प्रश्न कुठला एलईडी, हा आहे. हॅलोजनचे दोष वापरताना डोळ्यांना दिसायचे. एलईडीचे दोष खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांमागे दडलेले असतात आणि ते बहुतेकदा पाण्याखाली गेल्यावरच कळतात.

दिव्यांचे प्रकार आणि त्यांचे स्वभाव

हॅलोजन किंवा झेनॉन बल्ब म्हणजे टंगस्टनची तार तापवून मिळवलेला उजेड. एका वॅटमागे साधारण १५ ते २५ लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) मिळतात, बाकी सगळी उष्णता. रंग मात्र सुंदर: ३००० केल्व्हिनच्या (हे प्रकाशाच्या छटेचं माप, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर) आसपासचा उबदार प्रकाश, त्यात लाल भरपूर. दोन गोष्टी त्रास देतात. एक म्हणजे धक्का. तापलेली तार नाजूक असते आणि होडीच्या लाकडावर टॉर्च आपटला की तुटते. दुसरी बॅटरी. व्होल्टेज १० टक्क्यांनी घसरलं की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. त्यामुळे डाइव्हच्या उत्तरार्धात झोत पिवळा आणि मंद होत जातो. यात एक फायदाही होता, तो विसरू नका: दिवा संपत आलाय हे डायव्हरला बरंच आधी कळायचं.

एचआयडीत (हाय इंटेन्सिटी डिस्चार्ज) तार नसते. काचेच्या छोट्या कुपीत वायू आणि धातूंचे क्षार असतात आणि त्यातून विजेची ठिणगी अखंड पेटती ठेवली जाते. गाड्यांच्या झगझगीत पांढऱ्या हेडलाइटमध्ये हेच तंत्र होतं. वॅटमागे ५० ते ९० लुमेन मिळतात, म्हणून १० वॅटचा एचआयडी ढोबळमानाने ५० वॅट हॅलोजनच्या तोडीचा मानला जायचा. उजेडाचा उगमबिंदू अगदी छोटा असल्याने झोत सुईसारखा बारीक करता येतो. गुहांत आणि बुडालेल्या जहाजांत उतरणाऱ्या डायव्हरांनी एलईडी येईपर्यंत एचआयडीच वापरला, तो याच कारणासाठी. कमरेला बॅटरीचा डबा, तिथून वायर आणि हाताच्या पाठीवर दिव्याचं डोकं, अशी त्याची मांडणी असायची.

त्याच्या अडचणीही मोठ्या. चालू केल्यावर पूर्ण उजेड यायला वेळ लागतो. बंद करून लगेच चालू करायला गेलात तर पेटत नाही, कुपी गार होईपर्यंत थांबावं लागतं. पाण्याखाली अंधारात हे थांबणं फार लांब वाटतं. उजेड कमी-जास्त करता येत नाही, ठिणगी पेटवणाऱ्या सर्किटमुळे एक भाग वाढतो, आणि कुपी काचेचीच. अनेक एचआयडी बल्बमध्ये पारा असतो. जुना बल्ब हाती आलाच तर कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

एलईडीत एका चिपवर वीज थेट उजेडात बदलते. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळवतात. (निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) तार नाही, कुपी नाही, त्यामुळे आपटल्याने सहसा बिघडत नाही. क्षणात पेटतो, मंद करता येतो. लेन्स आणि सर्किटमधली गळती धरूनही बॅटरीच्या एका वॅटमागे ८० ते १०० लुमेन बाहेर पडतात. फरक किती, ते बॅटरीच्या वजनातून कळतं. ५० वॅटचा हॅलोजन तासभर चालवायला लेड-अॅसिड बॅटरी दीड किलोच्या घरात जायची. तेवढाच, म्हणजे हजारेक लुमेन उजेड आज ५० ग्रॅमच्या एका लिथियम सेलवर जवळपास तासभर मिळतो.

एका जागी मात्र एलईडी अजून मागे आहे, ती म्हणजे स्थिर छायाचित्रण. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधली झेनॉन नळी सेकंदाच्या छोट्याशा अंशात जेवढा उजेड ओतते, तेवढा सतत पेटणाऱ्या व्हिडिओ लाइटला जमत नाही. पोहत्या माशाचे स्पष्ट फोटो हवे असतील तर फ्लॅश घ्या, हलतं चित्रण हवं असेल तर एलईडी.

पायरी १: आधी झोताचा कोन ठरवा

दुकानात पहिला प्रश्न विचारतात तो लुमेनचा. तो दुसऱ्या नंबरवर ठेवा. लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून निघालेला एकूण उजेड. तो किती रुंद जागेत पसरतो यावर तुम्हाला समोर काय दिसणार ते ठरतं. तेच १००० लुमेन १० अंशांच्या झोतात कोंबले, तर १२० अंशांच्या झोतापेक्षा मधला ठिपका शंभर पटींहूनही जास्त प्रखर होतो.

सपाट काचेतून पाण्यात शिरताना झोत आणखी आवळतो. हवेत १२० अंश लिहिलेला दिवा पाण्यात ८० अंशांच्या आसपास भरतो, १० अंशांचा साडेसात होतो. खोक्यावरचा कोन हवेतला की पाण्यातला, हे विचारून घ्या.

कोकण किनाऱ्याचं पाणी बहुतेक दिवस तरंगत्या कणांनी भरलेलं असतं. अशा पाण्यात रुंद झोताचा दिवा लावणं म्हणजे आंबोली घाटातल्या धुक्यात गाडीचा हाय बीम लावण्यासारखं आहे. उजेड कणांवरून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. इथे ६ ते १२ अंशांचा बारीक झोत हवा. ५ मीटरवर १० अंशांचा ठिपका सुमारे ८७ सेंटिमीटरचा पडतो. एवढ्यात कपार बघता येते आणि बडीला इशाराही देता येतो. अंदमान-लक्षद्वीपच्या निवळ पाण्यात थोडा रुंद चालतो. व्हिडिओसाठी १०० अंश किंवा जास्त लागतो, पण तो दुसरा दिवा समजा. एकाच दिव्यात दोन्ही कामं उरकायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतात.

पायरी २: लुमेनचा दावा स्वतः गणित करून तपासा

हे गणित दोन मिनिटांचं आहे आणि त्यात बरेच पैसे वाचतात.

टॉर्चमध्ये कुठला सेल आहे ते बघा. सर्वसाधारण सेल १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. चांगल्या सेलची क्षमता ३४०० ते ३५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास). ३.४ अँपिअर-तास गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे सुमारे १२ वॅट-तास. वॅटमागे ८० ते १०० लुमेन धरले तर तासभरासाठी १००० लुमेनच्या आसपास मिळतात. २००० लुमेन हवे असतील तर अर्धा तास. आता कोणी एका १८६५० सेलवर १०,००० लुमेन दोन तास चालतात असं लिहिलं असेल, तर तो टॉर्च तिथेच ठेवा.

सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तरी तेच करा. या आकाराच्या सेलमध्ये एवढी क्षमता मावतच नाही. शंका आली तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. चांगला १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. ३० ग्रॅमचा निघाला तर आतला माल कमी आहे.

नव्या डायव्हरला मुख्य दिव्यासाठी ८०० ते १२०० खरे लुमेन, बारीक झोत आणि पूर्ण उजेडावर किमान एक तास, एवढं पुष्कळ झालं. त्याहून प्रखर दिवा नाइट डाइव्हला उलट त्रास देतो. मासे बिचकतात, बडीचे डोळे दिपतात आणि सेल लवकर संपतो.

पायरी ३: दिवा संपताना कसा वागतो, ते विचारा

हॅलोजन हळूहळू मावळायचा. चांगला एलईडी सर्किटच्या जोरावर शेवटपर्यंत एकसारखा पेटतो आणि मग थेट मंद मोडवर जातो किंवा विझतो. २० मीटरवर, रात्री, कसलीही सूचना न देता विझणारा दिवा धोकादायक आहे. म्हणून बॅटरी दाखवणारा रंगीत इंडिकेटर असलेलाच टॉर्च घ्या: हिरवा, मग पिवळा, मग लाल. लाल दिसल्यावर किमान १० ते १५ मिनिटं दिवा मिळायला हवा. इंडिकेटर नसलेला टॉर्च हाती असेल तर पूर्ण चार्ज करून, बादलीभर पाण्यात बुडवून, घड्याळ लावून स्वतः मोजा. पाणी हवंच. हवेत एलईडी तापतो, सर्किट आपोआप उजेड कमी करतं आणि वेळ खोटा जास्त येतो. त्याच कारणाने होडीवर तपासताना दिवा दहा सेकंदांहून जास्त चालू ठेवू नका.

पायरी ४: रंग

स्वस्त एलईडीत निळा जास्त, लाल कमी. ६५०० केल्व्हिन आणि ७० सीआरआयचा (सीआरआय म्हणजे रंग किती खरे दिसतात याचे १०० पैकी गुण) दिवा फिरण्यापुरता ठीक आहे, पण प्रवाळ त्यात निर्जीव दिसतं. रंग बघायचे असतील तर ९० किंवा अधिक सीआरआय आणि ५००० ते ५६०० केल्व्हिनचा एलईडी शोधा. उजेड थोडा कमी मिळतो, पण तो सौदा करण्याजोगा आहे. आणि अंतराचा हिशेब लक्षात ठेवा: उजेड दिव्यापासून माशापर्यंत जातो आणि परत तुमच्या डोळ्यापर्यंत येतो. मासा ३ मीटरवर असेल तर पाण्यातला प्रवास ६ मीटरचा झाला, म्हणजे लाल गेलाच. एक-दीड मीटरपर्यंत जवळ जा. दिव्यावर खर्च वाढवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पायरी ५: स्विच आणि बॉडी

डोकं पिळून चालू-बंद होणारे टॉर्च स्वस्त आणि साधे, पण ज्या रबरी रिंगमुळे (ओ-रिंग) पाणी बाहेर राहतं तीच दर वेळी घासली जाते. काहींचं डोकं सैल ठेवलं तर खोलीवर दाबाने आत ढकललं जाऊन दिवा आपोआप पेटतो. चुंबकाची सरकती कडी असलेला स्विच जास्त भरवशाचा, कारण बॉडीला भोकच पाडावं लागत नाही. त्याचा एकच शत्रू, कडीखाली अडकलेली रेती. दाबायचं बटण असेल तर ते हातमोजे घालून दाबून बघा.

बॉडी अॅल्युमिनियमची असावी, ती एलईडीची उष्णता पाण्याला देते. प्लॅस्टिकच्या बॉडीत प्रखर एलईडी तापून मंदावतो. खोली मीटरमध्ये लिहिलेली हवी, १०० मीटर चांगली. नुसतं आयपीएक्स८ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) पुरेसं नाही, कारण त्यात खोली निर्मात्याने ठरवलेली असते आणि ती दोन मीटरही असू शकते.

पायरी ६: ओ-रिंग, जिथे बहुतेक टॉर्च बुडतात

टॉर्चमध्ये पाणी शिरलं की लोक कंपनीला दोष देतात. कारण बहुतेक वेळा एक केस, रेतीचा एक कण किंवा वाळलेल्या मिठाचा एक खडा असतो. १० मीटरवर वातावरणाच्या दुप्पट दाब असतो, ३० मीटरवर चौपट. एवढ्या दाबाला केसाएवढी फट पुरते. सेल घालताना प्रत्येक वेळी हा क्रम पाळा:

१. हात आणि टॉर्च कोरडे करा. डोक्याचे केस पुसा, नाहीतर थेंब नेमका आत पडतो.

२. ओ-रिंग बोटांनी चिमटीत फुगवून काढा किंवा प्लॅस्टिक कार्डाच्या कोपऱ्याने. सुई, चाकू, टाचणी नको. खाचेवर एक ओरखडा पडला तर बॉडी कायमची गेली.

३. बोटांमधून फिरवत चीर, चपटेपणा, कण तपासा. खाच गुळगुळीत कापडाने पुसा. कापूस वापरू नका, तंतू राहतात.

४. सिलिकॉन ग्रीसचा तांदळाच्या दाण्याहून लहान ठिपका घेऊन रिंगला चोळा. रिंग चमकली म्हणजे झालं. पांढरे गोळे दिसले तर जास्त झालं, आणि जास्त ग्रीस रेती गोळा करतं. रिंगच सिलिकॉनची असेल तर हे ग्रीस लावू नका, ती फुगते. कंपनीने दिलेलंच वापरा. व्हॅसलीन कुठल्याही रिंगला नको.

५. आटे सरळ बसवून शेवटपर्यंत पिळा. दोन रिंग असतील तर बाहेरून एकही दिसता कामा नये.

नवा टॉर्च, किंवा रिंग बदललेला, पहिल्यांदा सेल न घालता पाण्याखाली न्या. आत टिश्यू पेपरचा तुकडा ठेवा आणि एका साध्या दिवसाच्या डाइव्हला सोबत घ्या. वर आल्यावर कागद कोरडा असेल तर पुढच्या वेळी सेल घाला.

पायरी ७: सेल

काही टॉर्चना टोकाला उंचवटा असलेला सेल लागतो, काहींना सपाट. संरक्षक सर्किट असलेला सेल ६५ ऐवजी ६९-७० मिलिमीटर भरतो. टॉर्च लागतच नाही किंवा झाकण पूर्ण बसत नाही, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. झाकण जोर लावून बसवू नका. दोन सेल एकामागोमाग बसत असतील तर ते एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले आणि सारखे चार्ज केलेले हवेत, नाहीतर दुबळा सेल उलटा चार्ज होऊन तापतो. पूर्ण चार्ज म्हणजे ४.२ व्होल्ट. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा वापरू नका.

विमानाने जाताना सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत टाकू नका. ते केबिनमध्येच न्यायचे असतात, प्रत्येक सेल प्लॅस्टिकच्या डबीत, टोकं झाकून. टॉर्चमधला सेल काढून ठेवा. बॅगेत चुकून पेटलेला हजार लुमेनचा दिवा कपडे जाळू शकतो.

पायरी ८: पाण्यात

नाइट डाइव्हला प्रत्येकाकडे दोन दिवे हवेत. दुसरा छोटा चालेल, पण तो पूर्ण डाइव्ह पुरला पाहिजे आणि तोही बोल्ट स्नॅपने (खटक्याच्या हुकाने) अंगावर अडकवलेला हवा, खिशाच्या तळाशी नको. शिवाय टाकीला मंद मार्कर लाइट लावा. मुख्य दिवा विझला की दुसरा लावा, बडीला सांगा आणि डाइव्ह संपवा. दुसरा दिवा परत येण्यासाठी असतो.

झोताचे इशारे आधी ठरवून घ्या. तळावर सावकाश गोल फिरवला तर सगळं ठीक. सावकाश आडवा हलवला तर इकडे बघ. जोरात आडवा हलवला तर अडचण आहे. हाताच्या खुणा करताना झोत स्वतःच्या हातावर टाका, बडीच्या तोंडावर नाही. अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले की पुन्हा सरावायला बराच वेळ लागतो. गढूळ पाण्यात दिवा डोळ्यांच्या रेषेपासून हातभर बाजूला धरा, कणांवरून येणारी चमक लगेच कमी होते.

पायरी ९: वर आल्यावर

झाकण न उघडता गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. बटण पाण्यात असताना दाबू नका. चुंबकाची कडी मात्र पाण्यातच पुढेमागे फिरवा, म्हणजे रेती निघते. होडीवर गोडं पाणी नसेल तर टॉर्च ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. मीठ वाळलं की खडे होतात आणि तेच रिंग कापतात.

काचेच्या आत थेंब दिसला तर दिवा बंद करा आणि सेल तसाच ठेवून चार्जिंगला लावू नका. खाऱ्या पाण्यात भिजलेला लिथियम सेल वायू सोडतो, आत दाब साठतो आणि झाकण गोळीसारखं उडू शकतं. झाकणाचं तोंड स्वतःपासून आणि माणसांपासून दूर धरून, एकेक आटा सावकाश सोडा. सेल बाहेर काढून उघड्यावर, जळण्याजोग्या वस्तूंपासून लांब ठेवा. तो सेल पुन्हा चार्ज करायचा नाही, कोरडा दिसला तरी नाही. टॉर्च गोड्या पाण्याने आतून धुऊन दोन-तीन दिवस सावलीत सुकवा. एलईडी आणि सर्किट कधीकधी वाचतात, हॅलोजनचा तापलेला बल्ब मात्र थंड पाणी लागताच तडकायचा.

पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आपल्या किनाऱ्यावर डायव्हिंग बंद असतं. त्या चार महिन्यांसाठी सेल बाहेर काढा, ३.७ ते ३.८ व्होल्टवर ठेवा, आणि टॉर्च झाकण किंचित सैल करून सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा. घट्ट पिळून ठेवलेली रिंग चपटी होते आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच डाइव्हला गळते. सीझनच्या सुरुवातीला रिंग बदलूनच टाका.